गुरुवारी साडेसहाची बाई

जुनी कुठलीही मालिका सांगा, मी ओळखतो. नाव नको, साल नको, "एक माणूस होता आणि त्याच्या टोपीत काहीतरी असायचं" एवढं पुरे. रविवारच्या पुरवणीत 'ती मालिका कोणती?' हे सदर मी एकोणीस वर्षं लिहितोय आणि आजवर एकही पत्र उत्तराशिवाय परत गेलेलं नाही. एकही!

सगळी उत्तरं बरोबर होती असं मात्र मी म्हटलेलं नाही. एकदा एका आजोबांनी विचारलं, दीपगृहात राहणाऱ्या दोन भावांची मालिका कोणती? काही केल्या सापडेना. पान छपाईला जायला दोन तास उरले होते. मी एक नाव ठोकून दिलं, तेरा भाग सांगितले आणि शेवटच्या भागात धाकट्या भावाला दिवा विझवायला लावला. पुढच्या आठवड्यात एकतीस पत्रं आली. हो हो, तीच ती! एका बाईंनी तर खडसावलं की भाग तेरा नव्हते, चौदा होते. मी दिलगिरी छापली.

तेव्हा ताईने विचारलं त्या दिवशी मी तिच्या घरी खुर्चीत आरामात रेललो होतो. सोमवार होता. शुक्रवारी सकाळी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं आणि संमतीचा फॉर्म तिच्यासमोर टेबलावर तसाच पडला होता.

"सही कर ना," मी म्हटलं.

"आधी तू एक काम कर. फार मोठा जाणकार ना तू? मग आपल्या लहानपणीची ती गुरुवारची मालिका शोधून दे. शेवट काय झाला ते मला कळायला हवं."

"ताई, खडे पित्ताशयात झालेत. त्याचा मालिकेशी काय संबंध?"

"भूल देणार आहेत मला. त्यातून उठलेच नाही तर हे असंच अर्धवट राहील. कळल्याशिवाय मी बेशुद्ध होणार नाही, सांगून ठेवते."

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बँकेत पस्तीस वर्षं तिने लोकांना "पुढच्या खिडकीवर जा" असं सांगितलंय. तिचं नाही म्हणजे नाही. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थांबलात तर पुढच्या वेळी रुग्णवाहिकेतून याल. हे मी तिला सांगितलं. तिने फॉर्मवर, बरोबर सहीच्या जागी, चहाचा कप ठेवला.

"दोन दिवस दे," मी म्हटलं. "बुधवारी संध्याकाळपर्यंत नाव, साल, कलाकार, शेवट, सगळं तुझ्या हातात. बोल, काय आठवतंय?"

"एक बाई. लांबलचक खोलीत एकटी. बोलताना सारखे हात हलवायची. चेहरा तरुण होता, आवाज म्हातारीचा."

"शापाची कथा असणार," मी वहीत लिहिलं.

"शाप कसला, शहाण्या! पाणी मागायची ती."

ताई मला लहानपणापासून शहाण्या म्हणते. त्यात कौतुक शोधणं मी पन्नाशीनंतर सोडून दिलंय. पण या वेळी मला तिचं बोलणं लागलं नाही, कारण पाणी म्हटल्याबरोबर माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मलाही आठवलं. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. "कोण आहे का तिथे? पाणी देता का कुणी?" तो आवाज, जणू उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. आणि ते हात.

"आणखी एक," ताई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. "ती मला उत्तरं द्यायची."

"कोण?"

"ती बाई. एकदा तिने कोण आहे विचारलं आणि मी आपली गमतीत टीव्हीला म्हटलं, आले हं! तर ती गप्प झाली. मग म्हणाली, 'कोण? कोण बोललं?' मी दर गुरुवारी म्हणायचे मग. ती दर गुरुवारी विचारायची. आणि शेवटच्या वेळी..." तिने कप उचलला. फॉर्मवर गोल डाग उमटला होता. "शेवटच्या वेळी ती म्हणाली, 'आले म्हणतेस आणि येत नाहीस, बाळ.' त्यानंतरच्या गुरुवारी नुसते हात होते. आवाज नाही. मला एवढंच कळायला हवंय की कुणी तिच्याकडे गेलं का."

मी हसलो. लहान मुलांना वाटतं असं, वगैरे म्हटलं. घरी येताना मात्र जिन्यातला दिवा आधी लावला आणि मग चढलो.

आता इथे आमच्या घरच्या टीव्हीबद्दल सांगायला हवं. बाबा टीव्ही दुरुस्त करायचे. गावभरचे बंद पडलेले सेट आमच्याकडे यायचे आणि धड होऊन जायचे. आमच्यासाठी उरायचे ते, जे मालकांनी परत नेलेच नाहीत. खाली एक मोठा लाकडी सेट होता, त्यात चित्र दिसायचं पण आवाज नव्हता. त्याच्या डोक्यावर एक छोटा लाल सेट, त्यात आवाज यायचा पण चित्र नव्हतं. दोन्हींवर एकच केंद्र लावायचं, की झाला एक टीव्ही. आम्ही त्यांना 'चित्राचा' आणि 'आवाजाचा' म्हणायचो. सगळ्यांकडे असेच दोन असतात असं मला वाटायचं. मित्राच्या घरी एकच बघितला तेव्हा मला त्याची फार कीव आली होती.

मंगळवारी मी कामाला लागलो. जुन्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या. काही नाही. सदराच्या इंटरनेट पानावर प्रश्न टाकला: एकटी बाई, हलणारे हात, म्हातारा आवाज, पाणी. संध्याकाळपर्यंत चौसष्ट उत्तरं. सगळ्यांनी ती मालिका पाहिलेली होती. बारा जणांच्या मते बाई शेवटी विहिरीत उडी मारते, नऊ जणांच्या मते तिचं लग्न होतं, आणि एका निवृत्त नटाने कळवलं की त्या मालिकेत बंद दाराचं काम त्यांनीच केलं होतं. म्हणजे दारामागे उभं राहून ते आतून ढकलून धरायचं. मानधन अजून मिळालेलं नाही, त्याचं काही करता येईल का, असंही विचारलं होतं.

ही सगळी माणसं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. हेच जास्त वाईट. दीपगृहातले भाऊ मीच पाळले होते, आता ते घर भरून राहायला लागले होते.

बुधवारी सकाळी मी टेपवाल्या बाईंकडे गेलो. या बाई टीव्ही केंद्राच्या टेपा सांभाळायच्या. आता निवृत्त आहेत. वय शहात्तर, चष्मा गळ्यात, आणि स्मरणशक्ती अशी की माझ्या सदरातल्या चुका त्या तारीखवार सांगतात. मला बघून म्हणाल्या, "या. दीपगृह!"

मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि साल सांगितलं, वार सांगितला, साडेसहाची वेळ सांगितली.

"मालिका नव्हती ती," बाई म्हणाल्या. क्षणाचाही विचार नाही. "गुरुवारी साडेसहा ते सात बहिऱ्या लोकांसाठीचा कार्यक्रम असायचा. एक मुलगी हातांनी गोष्ट सांगायची. फार गोड मुलगी. हातांनी पाऊस पाडायची अगदी."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे हात हलवणारी बाई हीच! आणि तिला आवाज कुणी दिला होता?"

"आवाज?"

"म्हातारीचा. पाणी मागणारा."

बाईंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, बहिऱ्यांचा कार्यक्रम तो. त्या अर्ध्या तासात आम्ही आवाज सोडायचोच नाही. ध्वनीवाला बटण बंद करून खाली चहाला जायचा. पत्रंसुद्धा यायची, आमचा टीव्ही बिघडला की काय म्हणून. आवाज नव्हताच."

"पण आम्ही ऐकला."

"मग तो आमचा नव्हता," बाई म्हणाल्या. आणि जरा वेळाने, जरा खालच्या आवाजात, "काय म्हणायची ती?"

मी सांगितलं. बाईंनी उठून बाजूच्या खोलीतला त्यांचा स्वतःचा टीव्ही बंद केला. मी निघालो तेव्हा त्यांनी दाराला आतून दोन्ही कड्या लावलेल्या मला ऐकू आल्या.

रस्त्याने येताना मी स्वतःला बजावलं की माणूस शास्त्राच्या युगात राहतो. शास्त्र म्हणजे आमच्याकडे बाबा. वय शहाऐंशी. माझ्याकडेच असतात. त्यांना ऐकायला कमी येतं, पण स्क्रू पडल्याचा आवाज बरोबर येतो. त्या वेळी ते माझा चांगला चालणारा रेडिओ उघडून बसले होते.

"बाबा, आपला आवाजाचा सेट आठवतो? लाल?"

"त्यात काही दोष नव्हता," बाबा म्हणाले.

"दोष म्हणत नाही मी. केंद्राने आवाज सोडलाच नसेल तर त्यात काय ऐकू येईल?"

"खरखर."

"बोलणं? माणसाचं?"

बाबांनी भिंग खाली ठेवलं. तांत्रिक प्रश्न विचारला की त्यांची वीस वर्षं कमी होतात. "येईल की. केंद्राचा आवाज असतो दांडगा, तो बाकी सगळ्यांना दाबून टाकतो. तो थांबला की जवळपासचं बारीकसारीक घुसतं आत. कुणाचं वायरलेस, कुणाचं खेळणं. अगदी जवळ असलं पाहिजे पण. म्हणजे आपल्याच इमारतीत."

आम्ही तळमजल्यावर राहायचो. वर एकच मजला होता. लाकडी जमीन, वर कुणी खुर्ची सरकवली की आमच्या चहात धूळ पडायची.

"वर कोण राहायचं, बाबा?"

"शाळेतल्या बाई. निवृत्त झालेल्या. पुढे अंथरुणालाच खिळल्या. त्यांचा भाचा असायचा बघायला, पण तो आपला पलीकडच्या खोलीत. हाक मारली तरी ऐकू जायची नाही त्याला." आणि बाबांचा चेहरा उजळला. "मी यंत्र करून दिलं होतं त्यांना! बिनतारी! त्या काळात! उशाशी माइक ठेवायचा, बोललं की भाच्याच्या खोलीतल्या खोक्यात ऐकू येईल. दिवसरात्र चालू. लाल दिवा लागायचा."

"ऐकू यायचं?"

"नाही ना," बाबा चिडून म्हणाले. "भाचा कटकट करायचा, खोक्यात काही येत नाही म्हणून. मी तीनदा वर जाऊन तपासलं. यंत्र उत्तम. मी म्हटलं, तुझेच कान तपासून घे. आणि दर गुरुवारी संध्याकाळी तो पत्ते खेळायला जायचा, मग ऐकणार कोण?"

मी खाली बसलो. बाबांना सगळं सांगितलं. आवाजाचा सेट, गुरुवार, साडेसहा, पाणी. ते लक्ष देऊन ऐकत होते. ओठ हलत होते, मनात आकडेमोड चालली असावी. मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हणजे चालत होतं!"

"बाबा..."

"अरे, चालत होतं! फक्त भाच्याच्या खोक्याऐवजी आपल्या लाल सेटवर लागत होतं! एवढीशी वायर कमी करायची होती. मी म्हणत होतो ना सगळ्यांना..."

इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. तो एकदम नाही गेला. हळूहळू गेला, सेट बंद केल्यावर पडद्यावरचा ठिपका जातो तसा.

"कशा गेल्या त्या?" मी विचारलं.

"गुरुवारीच. भाचा शुक्रवारी सकाळी आला." बाबा स्क्रू गोळा करायला लागले. "पाण्याचा ग्लास होता टेबलावर. हात पुरला नसावा. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी यंत्र काढून आणायला गेलो होतो वर. दिवा चालूच होता."

त्यांनी रेडिओ परत जोडला. तीन स्क्रू उरले. ते त्यांनी खिशात टाकले.

बुधवारी संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मी ताईकडे गेलो. जाताना बसमध्ये मला एकच दिसत होतं: आम्ही दोघं चटईवर, पुढ्यात खाऊ, आणि डोक्यावर, बरोबर डोक्यावर, लाकडाच्या एका पातळ थरापलीकडे ती. आम्हाला ती यंत्रातून ऐकू यायची. तिला आम्ही फटींमधून. आम्ही म्हणायचो, काय मस्त काम करते ही बाई! तेही तिला ऐकू गेलं असणार.

ताईने दार उघडलं आणि माझं तोंड बघून म्हणाली, "सापडली."

"सापडली," मी म्हटलं. आणि मग मी ते केलं जे मला उत्तम येतं. मालिकेला नाव ठोकून दिलं. साल दिलं. नऊ भाग. हात हलवणारी नटी पुढे परदेशी गेली. "शेवटच्या भागात," मी म्हटलं, "खालच्या मजल्यावरची एक मुलगी जिना चढून वर जाते. ग्लास घेऊन. बाई पाणी पिते. संपलं."

ताईने फॉर्म पुढ्यात ओढला.

"किती वर्षांची मुलगी?"

"दहा."

"मग आपण का नाही पाहिला तो भाग?"

"त्या दिवशी आवाजाचा सेट बिघडला होता. तुला आठवतंय ना, नुसते हात दिसले."

ताईने मान हलवली. डोळे पुसले. माझ्या एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीत एवढं चांगलं खोटं मी कधी बोललो नव्हतो, आणि छापताही येणार नव्हतं. "गेली म्हणजे ती," ताई म्हणाली. "बरं झालं बाई. मला वाटायचं, माझ्यामुळेच थांबून राहिली." तिने पेन घेतलं आणि चहाच्या डागाच्या बरोबर मधोमध सही केली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी इस्पितळात हजर होतो. कोट काढून पलंगाच्या पायथ्याशी एक खुंटी होती तिथे टांगला. खोली लांबट होती. ताईला नर्सने शांत वाटायची गोळी दिली होती, त्यामुळे तिचे डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, घाबरू नकोस. ती म्हणाली, हं. मी पेपर उघडला. माझं सदर रविवारी असतं, पण सवय.

मग पांघरुणावरचे तिचे हात हलायला लागले. हळूहळू, बोटं उघडत, मिटत, कुणाला तरी काहीतरी समजावून सांगितल्यासारखे.

"कोण आहे का तिथे?"

तो ताईचा आवाज नव्हता. म्हणजे असेल, गोळीने जड झालेला, घसा कोरडा पडलेला. पण मी तो ओळखतो. उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. मी छताकडे पाहिलं. छत पांढरं होतं आणि त्यात एक दिवा होता, बस्स.

"पाणी देता का कुणी?"

मला हलता येईना. मी सहा वर्षांचा होतो आणि चटईवर बसलो होतो.

"आले म्हणतेस," ती म्हणाली, "आणि येत नाहीस."

मी उठलो. खुर्ची पडली. बाजूच्या टेबलावर भरलेला तांब्या होता, तो शेजारच्या पलंगावरच्या आजींचा, हे मला नंतर कळलं. मी ग्लास भरला, ताईच्या मानेखाली हात घातला आणि मोठ्याने म्हटलं, "आलो! हा बघ, आलो!" तिने घटाघटा ग्लास संपवला. मी दुसरा भरला. तोही संपवला. मग तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसली आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आलास होय रे शहाण्या."

पन्नास वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दहा मिनिटांनी भुलीचे डॉक्टर आले. त्यांनी पायथ्याचा माझा कोट उचलून बाजूला केला. खाली पाटी होती: 'ऑपरेशनचा रुग्ण. तोंडाने काहीही देऊ नये. पाणीसुद्धा.' त्यांनी विचारलं, काही घेतलंय का यांनी? मी म्हटलं, दोन ग्लास.

ऑपरेशन रद्द झालं. पुढची तारीख गुरुवारची मिळाली आहे, संध्याकाळी साडेसहाची.